शिटी न वाजविणाऱ्या इंजिनाचे प्रकरण

सोमवार, ४ मार्च

स्वस्ति श्री. निखिल-राजमार्ग-चक्रवर्ती, षट्चक्र-रथ-धुरंधर, गर्त-परिहार-पंडित, गतिरोधक-मर्दन, घाटवळण-वाचस्पती, रक्तदीपासमोर निश्चल राहणारे तपस्वी, अर्ध्या तिकिटाच्या बालकांचे प्रतिपालक, खिडकीबाहेर हात काढणाऱ्यांचे काळ, आगारात 'महाराज' या नावाने विख्यात आणि स्वगृही 'अहो' या नावाने त्याहून विख्यात, अशा अस्मादिकांनी ही दैनंदिनी आज स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून आरंभिली आहे. टेबलाचा एक पाय आखूड असल्यामुळे अक्षर हलल्यास तो दोष सुताराचा समजावा.

बसचालकाची भाषा अशी का, असे कोणी विचारील. तीर्थरूप छापखान्यात खिळे जुळवीत. फसलेल्या छपाईचे कागद घरी येत आणि आम्ही त्यांवरच वाचायला शिकलो. प्रत्येक वाक्याचा शेवट दुसऱ्या पानावर असे व ते पान कधीच येत नसे. लांब वाक्यांचा मोह तेव्हापासूनचा.

प्रस्तुत लेखनास कारण असे की, परवाना कार्यालयाची नोटीस आली आहे. पंधरा तारखेस जातीने हजर राहून, 'आपला प्रवासी वाहन चालविण्याचा परवाना अपात्र का ठरवू नये' याचा खुलासा करावा. सव्वीस वर्षांत आमच्या बसखाली एक कोंबडी आणि निवडणुकीच्या एका उमेदवाराचा पुठ्ठ्याचा पुतळा आला. पैकी कोंबडीबद्दल आजही खेद वाटतो.

आरोप असा. सिमेंट कारखान्याकडे जाणारा एकेरी लोहमार्ग आमच्या रस्त्याला छेदतो. तिथे फाटक नाही. एका अंगाला गोदामाची उंच भिंत असल्याने येणारे इंजिन अगदी जवळ येईतो दिसत नाही. म्हणून नियम आहे की प्रवासी वाहनाने रुळांआधी थांबावे, दार उघडावे, काच खाली घ्यावी, दोन्हीकडे पाहावे, कान द्यावा आणि मगच चाक हलवावे. चुकल्यास पहिल्या खेपेस साठ दिवस अपात्रता, दुसऱ्या खेपेस एकशेवीस, तिसऱ्या खेपेस वर्षभर. हा नियम आम्ही सायकलवरही पाळतो. एकदा तर पायी जातानाही थांबलो होतो. सौ. पुढे गेल्या, भाजी घेतली, परत आल्या, तेव्हा आम्ही अजून कान देऊन उभे होतो.

गेल्या महिन्याच्या अखेरीस त्या जागी विधिवत थांबलो. दार उघडले. काच खाली घेतली. कान दिला. निःशब्द शांतता! निघालो. मागची चाके रुळांवरून उतरतात न उतरतात तोच आरसा इंजिनाच्या लाल तोंडाने भरून गेला. बसमध्ये आकांत झाला. एका शिक्षिकाबाईंनी लेखी तक्रार केली.

वस्तुस्थिती एवढीच की त्या इंजिनाने शिटी वाजविली नाही. आमचा बचाव हाच, आणि तो अभेद्य आहे.

बुधवार, ६ मार्च

सांप्रतचे युग मौनाचे आहे. बसच्या इंडिकेटरची टिकटिक कित्येक महिन्यांपासून बंद आहे. तीनदा तक्रार केली, तीनदा मिस्त्रीने 'ठीक आहे' असा शेरा मारला. आवारातल्या चिमण्यांनी गाणे सोडले आहे. तरुण पिढी ओठ हलविते, त्यातून शब्द मात्र निघत नाहीत. आणि आमच्या दाराची बेल मृत झाली आहे.

आज वायरमनला पाचारण केले. त्याने बेल दाबली, थांबला, पुन्हा दाबली. समोरच्या शेजारीणबाई विनाकारण दोनदा दार उघडून गेल्या.

"काका, बेल चालू आहे."

"चालू असती, तर तुझे चरण आमच्या दारी का लागले असते?"

त्याने सौ.कडे पाहिले. सौ.नी त्याच्याकडे पाहिले. मग सौ. आमच्या समोर येऊन म्हणाल्या, "जुनी झालीय हो ती. दुसरी लावून घेऊ. दिवा लागतो ना बेलबरोबर, तसली."

तसली लागली. आता कोणी आले की स्वयंपाकघरात तांबडा दिवा लुकलुकतो. सौ.ची सौंदर्यदृष्टी वयोमानाने खुलत चालली आहे. खुलत चालले आहे ते आणखीही एक. पूर्वी त्या आम्हाला दुसऱ्या खोलीतून हाका मारीत. गेली दोन वर्षे मात्र काही बोलायचे झाले की जवळ येतात, खांद्यावर हात ठेवतात, आम्ही वळेपर्यंत थांबतात आणि मगच बोलतात. पंचविशी उलटलेल्या संसारात असे प्रेम किती जणांच्या वाट्यास येते? तूर्त सुनावणीचे भय बाजूस ठेवून त्याची नोंद करतो.

शुक्रवार, ८ मार्च

आमचा वाहक आला होता. प्रवासी त्याला 'मास्तर' म्हणतात, सबब आम्हीही म्हणतो. अकरा वर्षे आमच्या पाठीमागे उभा आहे. घटनेच्या दिवशी तो अक्कलदाढ काढायला गेला होता आणि त्याच्या जागी एक नवा, मितभाषी मुलगा आला होता. मास्तरचा गाल अजून सुजलेला आहे.

"माझीच चूक, महाराज. दाढ काय, अजून महिनाभर दुखली असती तर मेलो नसतो."

"अरे, तू असतास तरी काय केले असतेस? इंजिनाला अर्धे तिकीट फाडले असतेस?"

तो हसला नाही. चहात बिस्किट बुडवून बसला, बिस्किट कपात पडले, तरी बसून राहिला.

मास्तरची प्रकृती मुळातच नाजूक. त्याचे गुडघे आखडतात. म्हणून तो त्या क्रॉसिंगवर दर फेरीला खाली उतरतो, रुळांपर्यंत चालत जातो, आळस देतो, आणि हात हलवून 'चला' म्हणतो. घंटेची दोरी ओढणेही त्याने सोडले आहे. आमच्या आसनामागच्या पत्र्यावर दोन थापा मारतो, त्या थेट पाठीच्या कण्यात पोहोचतात. आम्ही यास त्याची लहर समजून चालवून घेतो.

आगारप्रमुखांचा निरोप त्यानेच आणला. तक्रार एकाच बाईंची आहे. नवा वाहक आपण सांगू ते सांगेल. दोघांनी 'शिटी वाजली नाही' म्हटले की प्रकरण मिटले.

"सांगेल म्हणजे? जे घडले तेच सांगायचे आहे ना!"

मास्तर कपात पडलेले बिस्किट चमच्याने शोधू लागला.

रविवार, १० मार्च

पुरावा गोळा करण्यासाठी स्वतःच्या मोटारीतून त्या क्रॉसिंगवर स्वारी केली. बरोबर सौ., थर्मास आणि बिस्किटांचा पुडा. इंजिने शिटी वाजवीत नाहीत हे एकदा साक्षीदारासह सिद्ध करावे, हा हेतू.

"रविवारी फिरायला न्या म्हटलं, तर हे," असे सौ. म्हणाल्या, परंतु थर्मास त्यांनीच भरला होता.

रुळांच्या अलीकडे, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभे राहिलो. चहा झाला. एक कुत्रे गोदामाच्या भिंतीशी निजले होते. बराच वेळ काही घडले नाही. मग कुत्रे दचकून उठले आणि शेपूट घालून पळाले. सौ.नी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात कानांपाशी नेले. पाठोपाठ भिंतीआडून इंजिन निघाले, आमच्या पुढ्यातून धडधडत गेले. जमीन पायांत थरथरली. पलीकडच्या खोलीत डास असावा, तसले काहीसे कानाशी येऊन गेले.

"पाहिलेत? शिटी नाही!" आम्ही विजयाने म्हणालो.

सौ.नी हात खाली घेतले. "वाऱ्यानं केस उडत होते," म्हणाल्या. "ते सावरत होते."

ऐन मोक्याच्या क्षणी केस! साक्षीदार म्हणून स्त्रियांचा उपयोग किती, यावर स्वतंत्र टिपण लिहिण्याचा मानस आहे.

सोमवार, ११ मार्च

तिचे केस काल घट्ट बांधलेले होते.

बुधवार, १३ मार्च

काल लिहिले नाही. आज संध्याकाळी मास्तरच्या घरी गेलो. मी बेल दाबण्याआधीच त्याने दार उघडले. बहुधा जिन्यावरची पावले ऐकली असावीत. लोकांना पावले ऐकू येतात, हे मी विसरलो होतो.

"गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत."

"कधीपासून बरे आहेत?"

तो उभाच राहिला. मग म्हणाला, "कधी दुखलेच नाहीत, महाराज."

त्याच्या बायकोने पाणी आणून ठेवले आणि ती आत गेली.

"दोन वर्षं तू माझे कान होतास. आणि दाढ काढायला गेलास त्या दिवशी बसला कान नव्हते. माणसं होती रे आत."

"माहीत आहे. झोप नाही लागत मला." त्याने सुजलेल्या गालावरून हात फिरवला. "रोज ठरवायचो, आज सांगतो. मग घाटात तुम्ही गाडी अशी वळवायचे की पोराच्या मांडीवरच्या किटलीतलं दूध सांडू नये. वाटायचं, ह्यांना सांगून काय मिळणार? कान तर माझ्याकडे आहेत. आपण दोघे मिळून एक धड ड्रायव्हर होतो की."

"दीड," मी म्हणालो. "तुझी उंची धरता."

या खेपेस तो हसला, आणि मग रडला. दाढ काढलेल्या बाजूने रडू नये, टाके तुटतात, असे मी त्याला सुचविले.

घरी येऊन सौ.ना विचारले, "मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. तीनदा," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाठमोरे होता."

"चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा मी आधी खांद्यावर हात ठेवला. तुम्ही वळलात आणि इतके खूश होऊन बघायला लागलात, की म्हटलं, आज नको."

शुक्रवार, १५ मार्च

सुनावणी झाली. परवाना अधिकारी या चष्मा कपाळावर ठेवून तो टेबलावर शोधणाऱ्या एक बाई आहेत. आगारप्रमुख नव्या वाहकास शेजारी घेऊन बसले होते. मुलगा ओठांतल्या ओठांत उजळणी करीत होता. ओठ वाचण्याची आमची विद्या आता आम्हाला ठाऊक झाली आहे, सबब त्याचे पाठांतर आमच्यापर्यंत पोहोचले.

बाई म्हणाल्या, "तुमचं म्हणणं सांगा. शिटी वाजली नव्हती, असं आगाराकडून कळवलंय."

भाषण सज्ज होते. 'न्यायासनासमोर विनम्र निवेदन की' इथपासून दीड पान. ते खिशातच राहिले.

"वाजली होती, बाईसाहेब. मला ऐकू आली नाही."

आगारप्रमुखांनी आमच्या पायावर पाय दिला. तो नीट जाणवला. पायांचे कार्य उत्तम आहे.

"बसमध्ये गलका असेल," बाई म्हणाल्या. त्या वाट करून देत होत्या, हे कळत होते.

"गलका नव्हता. थांबलो होतो, दार उघडं होतं, सगळं नियमाप्रमाणे होतं. कान तेवढे नव्हते."

नवा मुलगा एकदम मोकळा श्वास घेऊन खुर्चीला टेकला. बाईंनी लेखणी खाली ठेवली.

"हे कधीपासून?"

"मला सोमवारपासून. कानांना बऱ्याच आधीपासून असावं."

"तुमच्याबरोबर काम करणाऱ्या कुणाला माहीत होतं?"

दाराच्या काचेपलीकडे मास्तर उभा होता. एक गाल मोठा, एक लहान. दोन्ही हातांत टोपी.

"कुणालाही नाही. ज्याचे कान त्यालाच पत्ता नव्हता, तर दुसऱ्याला कुठून असणार?"

बाईंनीही काचेकडे पाहिले. जरा जास्तच वेळ पाहिले. मग चष्मा सापडला, आणि त्यांनी लिहायला घेतले. सोमवारपासून साठ दिवस प्रवासी वाहन वर्ज्य. खाजगी मोटार चालविण्यास हरकत नाही. मुदतीअखेर कानांची तपासणी: पाच फुटांवरून कुजबुजलेले ऐकू आले पाहिजे. यंत्र लावून आले तरी चालेल. न आल्यास व्यावसायिक परवाना कायमचा रद्द.

"आणि पुन्हा क्रॉसिंगवर असं झालं, तर एकशेवीस दिवस."

"पुन्हा झालं, तर ते दिवस मोजायला मी नसेन, बाईसाहेब."

बाई हसल्या नाहीत. "म्हणूनच नियम आहे," म्हणाल्या. हे मान्य करणे भाग आहे.

बाहेर आल्यावर मास्तरने विचारले, "काय झालं?"

"साठ दिवस तुझ्या गुडघ्यांना विश्रांती," असे सांगितले.

बुधवार, ३ एप्रिल

आज कर्णयंत्र प्राप्त झाले. घेवड्याच्या दाण्याएवढे आहे. त्यावर एक हिरवा दिवा आहे. डॉक्टरीणबाईंनी ते कानात बसविले आणि जगाने एकदम तोंड उघडले.

वर्तमानपत्राची घडी म्हणजे वणवा. स्वतःचे चावणे म्हणजे खडी फोडण्याचे यंत्र. चिमण्या गाणे सोडून कुठेही गेलेल्या नव्हत्या, किंबहुना त्यांना आवरणे आवश्यक आहे. दुपारी आवारात मोटार उभी करून, इंडिकेटर लावून बसलो. टिक, टिक, टिक. म्हणजे बसबद्दलचे मिस्त्रीचे तिन्ही शेरेही खरेच होते. समोरच्या शेजारीणबाईंनी खिडकीतून विचारले, "कुठं वळायचंय?"

"कुठेच नाही. ऐकतोय."

मंगळवार, ९ एप्रिल

यंत्र उत्तम. घरी बसून कंटाळा अत्युत्तम. मास्तर रोज दुसऱ्या चालकाबरोबर जातो आणि येता येता त्याची निंदा पोहोचवून जातो. "ब्रेक असा मारतो, महाराज, की उभी असलेली माणसं बसतात आणि बसलेली उठतात."

एक गोष्ट नमूद करण्याजोगी. सौ. आता आतूनच बोलतात. "अहो, जेवायला या." "अहो, दूध बघा." सारे स्पष्ट ऐकू येते. गेल्या सहा दिवसांत खांद्यावर एकदाही हात पडलेला नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

आज त्यांनी आतून हाक मारली तेव्हा आम्ही खिडकीबाहेर पाहत निश्चल बसून राहिलो. दुसरी हाक आली. निश्चल. मग पावलांचा आवाज आला (अहा, पावले!) आणि खांद्यावर हात.

आम्ही मोठ्या आश्चर्याने वळलो.

"यंत्र चालू आहे," त्या म्हणाल्या. "हिरवा दिवा दिसतोय मागून."

तथापि हात काढला नाही.

रविवार, १२ मे

मंगळवारी परीक्षा. घरी सराव चालू आहे. सौ. टेप घेऊन पाच फूट मोजतात, आमच्या पाठीमागे उभ्या राहतात आणि कुजबुजतात. आम्ही ते मोठ्याने म्हणून दाखवायचे, असा परीक्षेचा विधी आहे. काय कुजबुजायचे याला नियम नसल्याने त्यांनी दोन वर्षांची थकबाकी काढली आहे.

"न्हाणीघरातला नळ गळतोय."

"न्हाणीघरातला नळ गळतोय," आम्ही गर्जलो.

"तुमच्या मावसभावाला मी कधीच जेवायला बोलावलं नव्हतं. तुम्ही बोलावलंत."

तेही म्हणून दाखविले. शेजारीणबाईंनी खिडकी उघडली.

"तो करडा सदरा टाकून द्या. माणसासारखा माणूस, आणि पायपुसण्यासारखा सदरा."

हेही. मग मागे बराच वेळ काही नाही. यंत्राची विद्युत् संपली की काय, अशी शंका आली. इतक्यात अगदी हलके आले:

"दोन वर्षं रोज संध्याकाळी, बस वळणावर दिसेपर्यंत मी खिडकीत उभी असायचे."

नियमाप्रमाणे मोठ्याने म्हणायचे होते. मी तोंड उघडले.

"ऐकू नाही आलं," मी म्हणालो.

"नापास," त्या म्हणाल्या, आणि पाच फूट ओलांडून जवळ आल्या.

मंगळवार, १४ मे

उत्तीर्ण. परीक्षकाने पाच फुटांवरून काही नीरस आकडे कुजबुजले. आमच्या घरच्या परीक्षकाच्या तुलनेत त्याचा अभ्यासक्रम अत्यंत सामान्य होता.

रविवार, १९ मे

शुक्रवारी परवाना पूर्ववत झाला आणि आम्ही रथारूढ झालो. मास्तरने पहिल्याच थांब्यावर सवयीने पत्र्यावर थापा मारल्या, मग ओशाळून घंटीही वाजविली. दोन्ही आज्ञा एकदम झाल्याने आम्ही दोनदा निघालो.

क्रॉसिंगवर थांबलो. दार उघडले. काच खाली घेतली. कान दिला. मागे मास्तर उतरण्याची चाहूल लागली.

"आता गरज नाही रे!"

"असू द्या, महाराज. गुडघे."

तो रुळांपर्यंत गेला, त्याने आळस दिला. हात हलविण्यासाठी उचललाच होता, इतक्यात भिंतीपलीकडून, अजून खूप दूरवर, एक लांब शिटी आली. त्याने वळून माझ्याकडे पाहिले. मी आधीच त्याला 'मागे ये' म्हणून खूण करीत होतो.

दोघांना एकदमच ऐकू आली होती. तो उड्या मारीत परतला. गुडघ्यांचे सोंग साफ विसरला.

इंजिन सावकाश आले, सावकाश गेले. तेवढ्या अवधीत प्रवाशांनी आमच्या मंद गतीविषयी व्यक्त केलेली मते शब्दशः ऐकली. या बसमध्ये अशी भाषा चालते याची आजवर कल्पना नव्हती. सव्वीस वर्षांची प्रतिष्ठा, एका यंत्राने घालविली.

असो. वळणावर आलो तेव्हा खिडकीत कोणी तरी होते. हॉर्न वाजविण्यास त्या जागी मनाई आहे, म्हणून वाजविला नाही. इंडिकेटर मात्र गरजेपेक्षा अंमळ जास्त वेळ चालू ठेवला.

आज रविवार. दुपारी यंत्र काढून ठेवून झोपणार होतो, पण न्हाणीघरातला नळ. टप्प. मग इतका वेळ काही नाही की मनुष्याला आशा वाटावी. मग टप्प. हे या माउलीने दोन वर्षे एकटीने ऐकले. तेव्हा यंत्र कानातच ठेवले आणि दोघे पलंगावर बसून ऐकत राहिलो. "तुमच्या सोबतीनं काही कमी होत नाही," सौ. म्हणाल्या, "पण बरं वाटतं."

प्लंबरला सोमवारी निरोप दिला, गुरुवारी दिला, काल स्वतः गेलो. 'उद्या सकाळी येतो' असे तो अत्यंत सुस्पष्ट आवाजात म्हणाला. उद्याची सकाळ आज होती. आता फोनवर तर वॉशरही मिळत नाही म्हणतो. या मापाचा नळ हल्ली येत नाही, पूर्ण जोडणीच बदलावी लागेल, त्यासाठी भिंत फोडावी लागेल, आणि भिंत तो फोडत नाही, ते काम गवंड्याचे. गवंडी म्हणतो, आधी प्लंबरला बोलवा.